पाळीचा हुकूम मेंदूतून सुटतो

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी शिरोळ तालुक्यात चढलं, तेव्हा माणसं बोटीतून आणि जनावरं ट्रॉलीतून अशी गावंच्या गावं हलली. २००५ चा पूर पाहिलेली जुनी माणसं ‘तेवढंच येईल’ म्हणून घरात थांबली आणि फसली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी उतरलं की पंचनामे होतात. पडकी भिंत, कुजलेला ऊस, भिजलेलं धान्य, वाहून गेलेली म्हैस, सगळ्याची नोंद होते. बाईच्या चुकलेल्या पाळीला पंचनाम्यात रकाना नसतो.

ती चुकते, हे मात्र नदीकाठच्या बायकांना वेगळं सांगायला नको. कुणाची दोन महिने येत नाही, कुणाची महिन्यातून दोनदा येते, कुणाची आली तर थांबत नाही. कारणंही तयार असतात. गार पाण्यात उभी राहिली, चिखल उपसताना जड उचललं, पिशवीला सूज आली. पिशवीवर सगळा दोष घालून मोकळं व्हायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. वास्तविक पाळी पोटात येत असली तरी तिचा हुकूम डोक्यातून सुटतो, आणि जीव टांगणीला लागला की मेंदू तो हुकूम रोखून धरू शकतो. तो कसा रोखतो, कधी काळजी करायची, आणि ‘टेन्शनमुळं असेल’ हे वाक्य कधी उच्चारायचंच नाही, याबद्दल हा लेख आहे.

हुकूम सुटतो तो कसा

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा जेमतेम ४ ग्रॅम वजनाचा भाग आहे. भूक, तहान, झोप, अंगाचं तापमान यांचा कारभार तिथून चालतो. तिथेच हजार-दोन हजारांच्या आसपास अशा पेशी आहेत, ज्या जीएनआरएच नावाचं रसायन सोडतात. अब्जावधी पेशींच्या मेंदूत ही संख्या म्हणजे काहीच नाही, पण स्त्रीचं सगळं प्रजननचक्र या मूठभर पेशींवर उभं आहे. (गर्भात या पेशी नाकाच्या जागी जन्मतात आणि तिथून चालत मेंदूत येतात. हा प्रवास अर्धवट राहिला तर मुलीला वासही येत नाही आणि पाळीही सुरू होत नाही. म्हणून १५ वर्षं पूर्ण झाली तरी पाळी न आलेल्या मुलीला ‘तुला फोडणीचा वास येतो का?’ असं डॉक्टरांनी विचारलं तर चेष्टा समजू नका.)

जीएनआरएच खाली पिट्युटरी ग्रंथीत उतरतं. तिथून एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स रक्तात सुटतात, ती अंडाशयापर्यंत पोहोचतात, बीज पिकतं, फुटतं, आणि गर्भ राहिला नाही तर सुमारे १४ दिवसांनी पाळी येते. यातली खरी गोम अशी की जीएनआरएच सलग वाहून चालत नाही. ते ठोक्याठोक्यानं यावं लागतं, पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात साधारण ६० ते ९० मिनिटांनी एकदा. अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट नोबिल या शास्त्रज्ञानं १९७८ च्या सुमारास माकडिणींवर हे दाखवलं. तासाला एकदा जीएनआरएच दिलं की पिट्युटरी नीट काम करायची, सतत चालू ठेवलं की गप्प व्हायची. शिरोळकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. उसाला आवर्तनानं पाणी दिलं तर रान पिकतं, पाट बारमाही सोडला तर तेच रान क्षारपड होतं.

आता ताण. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये शरीराच्या ताण-प्रतिसादाचं पहिलं वर्णन केलं. त्या प्रतिसादाची सुरुवात करणारं मेंदूतलं रसायन, सीआरएच, अमेरिकेत वायली वेल यांच्या प्रयोगशाळेनं १९८१ मध्ये ओळखलं. संकट दिसलं की हायपोथॅलॅमस सीआरएच सोडतो, त्यामुळं पिट्युटरीतून एसीटीएच सुटतं, आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. रक्तातली साखर वाढते, अंगात बळ येतं, झोप उडते. पाणी उंबऱ्याला लागलेलं असताना हे सगळं हवंच असतं.

पण सीआरएच आणि जीएनआरएच एकाच घरात राहतात. सीआरएच वाढलं की जीएनआरएचचे ठोके मंदावतात. कॉर्टिसॉल खाली पिट्युटरीची संवेदनक्षमता कमी करतं. ताणाची ही रसायनं आणि जीएनआरएच यांच्या मध्ये किस्पेप्टिन नावाचं एक रसायन आहे. जीएनआरएचच्या पेशींना ठोका द्यायला लावणारं तेच, आणि ताणात तेही दबतं. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेटच्या गावात १९९६ मध्ये ते सापडलं, आणि तिथल्या ‘किसेस’ या चॉकलेटवरून त्याचं बारसं झालं. वयात येण्याशी त्याचा संबंध आहे हे कळायला मात्र २००३ उजाडलं. याउलट, जीएनआरएचला थेट लगाम घालणारं एक रसायन जपानमध्ये काझुयोशी त्सुत्सुई यांनी २००० मध्ये लाव्यांच्या मेंदूत शोधलं. ते पुढं सस्तन प्राण्यांतही आढळलं. बर्कली विद्यापीठात २०१५ मध्ये उंदरांच्या माद्यांवर प्रयोग झाले. ताण संपल्यावर कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स उतरली, तरी हे लगाम घालणारं रसायन पुढचं एक पूर्ण चक्र चढलेलंच राहिलं. उंदराचं सगळं बाईला लागू होत नाही, हे खरं. तरी ‘आता तर सगळं ठीक झालंय, मग पाळी का येईना?’ या प्रश्नाचं एक संभाव्य उत्तर त्यात आहे.

शरीर असं का वागतं? गर्भारपण आणि अंगावर पाजणं हा बाईच्या शरीराचा सगळ्यात मोठा खर्च. चूल पेटत नाही, झोप नाही, जिवाची शाश्वती नाही, अशा वेळी शरीर तो खर्च पुढं ढकलतं. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात रोजचा शिधा १००० कॅलरींच्याही खाली गेला. तिथल्या असंख्य बायकांची पाळी बंद झाली आणि नऊ महिन्यांनी जन्मांची संख्या कोसळली. अन्न पोहोचल्यावर पाळ्या परतल्या. आजारी पडलेल्या पिशव्या एकाच वेळी गावोगाव बऱ्या झाल्या, असं कोण म्हणेल?

एक बारकावा लक्षात ठेवलात तर बराच घोळ वाचेल. ताण उशीर करतो तो मुख्यतः बीज फुटायला. बीज एकदा फुटलं की पाळी सहसा दोन आठवड्यांत येतेच. म्हणजे पाळी आल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात घर सोडावं लागलं, तर त्या महिन्याची पाळी लांबू शकते. ती आधीच दोन दिवसांवर आली असताना पाणी आलं, तर बहुधा वेळेवर येईल, आणि शाळेतल्या छावणीत सुती कापडाची वा पॅडची सोय नसताना येईल, जे त्याहून वाईट. बीज फुटलंच नाही तर आतलं अस्तर अर्धवट वाढतं आणि कधीही थोडं थोडं गळतं. महिन्यात दोनदा ‘आल्या’सारखं वाटतं ते पुष्कळदा हेच.

‘टेन्शन’ म्हणायच्या आधी

चुकलेल्या पाळीचं पहिलं कारण गर्भ. इतकं उघड, की तेच तपासायचं राहून जातं. ‘एवढ्या धामधुमीत कसं शक्य आहे,’ असं म्हणत तिसऱ्या महिन्यात दवाखाना गाठणाऱ्या बायका कमी नाहीत. पाळी आठवडाभर लांबली की लघवीची तपासणी करा. ‘निश्चय’ नावाचं किट आशाताईंकडे मिळतं, औषधाच्या दुकानातही स्वस्तात मिळतं. निकाल नकारार्थी आला आणि पाळी आली नाही तर आठवड्यानं पुन्हा करा. निकाल होकारार्थी असून ओटीपोटात एका बाजूला कळ, रक्तस्राव किंवा चक्कर असेल, तर गर्भ नळीत असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघू नका.

मग घरातल्या गोळ्यांचा डबा उघडा. इथं मला जरा खरमरीत लिहावंसं वाटतं. आपल्याकडे गॅस आणि पित्तासाठी ज्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, त्यांतल्या अनेकांत पित्ताच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड किंवा डोमपेरिडोन मिसळलेलं असतं. या दोन्हींनी रक्तातलं प्रोलॅक्टिन वाढतं. प्रोलॅक्टिन म्हणजे दूध आणणारं हार्मोन. ते वाढलं की जीएनआरएचचे ठोके थांबतात आणि पाळी जाते, कधी छातीतून दूधही येतं. ताणानं पित्त वाढलं म्हणून गोळी घेतली, गोळीनं पाळी गेली, आणि पाळी गेली म्हणून ताण वाढला, असं हे लफडं असतं. मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही असंच होतं. मात्र ती स्वतःहून बंद करायची नाहीत, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची. सांधेदुखीच्या किंवा ‘अंग धरायच्या’ बिननावाच्या पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं, तेही पाळी बिघडवतं. सरकारी दवाखान्यात दर तीन महिन्यांनी ‘अंतरा’ इंजेक्शन घेत असाल, तर त्यानं पाळी बंद होणं अपेक्षितच आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळ अंगावर पीत असताना पाळी न येणंही तसंच.

यानंतर नंबर थायरॉइडचा आणि पीसीओएसचा. पीसीओएसमध्ये मेंदूतले ठोके मंदावण्याऐवजी बहुधा जलद होतात. हनुवटीवर केस, पुटकुळ्या, मानेवर काळपटपणा, वाढतं वजन ही त्याची लक्षणं. ताणानं गेलेली पाळी आणि पीसीओएस या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत. एकीत भरपूर खायला सांगायचं असतं, दुसरीत वजन आटोक्यात आणायचं. चुकीच्या बाईला चुकीचा सल्ला दिला तर नुकसान होतं, म्हणून शेजारणीचा आहारतक्ता आपल्याला चालेलच असं नाही.

दवाखान्यात कधी जायचं? पाळी नियमित असलेल्या बाईची ती तीन महिने आली नाही तर. आधीपासूनच अनियमित असेल तर सहा महिने, पण तिथवर थांबायचं कारण नाही. पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षंच झालेल्या मुलीचं चक्र ४५ दिवसांपर्यंत लांबलं तर चालतं. तिच्या आईनं लगेच गोळ्यांसाठी धावाधाव करू नये. चाळिशीच्या आत अंगातून वाफा निघायला लागल्या, छातीतून दूध आलं, डोकेदुखीसोबत बाजूचं दिसेनासं झालं, तर तीन महिन्यांचा हिशोब बाजूला ठेवा आणि लगेच जा. तासा-तासाला पॅड भिजत असेल तरीही. पाळी वर्षभर बंद होऊन पुन्हा रक्त दिसलं तर ते ताणाच्या खात्यात कधीच टाकू नका.

तपासण्या फार महाग नसतात. टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिओल आणि एक सोनोग्राफी. ‘कॉर्टिसॉल तपासून ताण किती ते सांगा,’ असा आग्रह धरू नका. कॉर्टिसॉल दिवसभर वरखाली होतं, सकाळी चढलेलं आणि रात्री उतरलेलं. एका नमुन्यावरून तुमच्या घरातला ताण मोजता येत नाही. ताणामुळं पाळी गेली, हे निदान बाकीचं सगळं वगळून शेवटी करायचं असतं.

ताण म्हणजे फक्त काळजी नाही

हायपोथॅलॅमसला कर्जाचा हप्ता, उपाशीपोट आणि पहाटेची धाव वेगवेगळी कळत नाहीत. सगळ्याची बेरीज होते. त्यामुळं ‘मला कसलंच टेन्शन नाही, तरी पाळी का गेली?’ असं विचारणारी बाई खोटं बोलत नसते.

शिरोळ-जयसिंगपूरच्या रस्त्यांवर अंधार असतानाच पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुली दिसतात. ८०० मीटरची वेळ कमी करायची म्हणून त्या वजन उतरवतात, आणि वजन उतरवायचं म्हणून भाकरी सोडतात. अ‍ॅन लाउक्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तरुणींना व्यायामाच्या मानानं कमी खायला दिलं, तर अवघ्या ५ दिवसांत एलएचचे ठोके बिघडले. व्यायामानं बिघडले नाहीत, खर्चाच्या मानानं खाणं कमी पडल्यानं बिघडले. भरतीच्या अकादमीतल्या काही प्रशिक्षकांना पाळी गेली म्हणजे मुलगी ‘फिट’ झाली असं वाटतं. ते साफ चूक आहे. पाळी गेली म्हणजे इस्ट्रोजेन गेलं, आणि त्यासोबत हाडातलं बळ. नडगीच्या हाडाला बारीक चीर पडून भरतीच हुकते. या मुलींना दूध, अंडी, शेंगदाणे, डाळ-भात आणि धावून आल्यावर तासाभरात पोटभर नाश्ता द्या. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती द्या.

उपवासांबद्दल लिहिताना हात जरा आखडतो, पण लिहायला हवं. तालुक्यात जैन कुटुंबं पुष्कळ आहेत, चातुर्मास आणि पर्युषणातली व्रतं मनोभावे होतात. इतर घरांत नवरात्र, सोमवार, गुरुवार, संकष्टी. निरोगी बाईला दोन-चार दिवसांच्या उपवासानं कायमचं काही होत नाही. ज्या बाईचं वजन मुळात कमी आहे, पाळी आधीच लांबते आहे, किंवा जी मूल व्हावं म्हणून कडक व्रत धरते आहे, तिचा प्रश्न वेगळा. मूल हवं म्हणून उपाशी राहणं हे मेंदूला नेमका उलटा निरोप देणं आहे. व्रताचा नियम सैल करता येतो का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी स्वतःहून विचारावं, सुनेला विचारायला लावू नये.

इचलकरंजीच्या रात्रपाळ्या, सोयाबीनच्या भांगलणीचे दिवस, सासऱ्यांचं आजारपण, बचत गटाचा आणि फायनान्सचा एकाच आठवड्यात येणारा हप्ता, हे सगळं त्याच बेरजेत.

‘टेन्शन सोड, म्हणजे राहील’

लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की हे वाक्य सुरू होतं. बोलणाऱ्याचा हेतू बरा असतो, ऐकणारीला मात्र कळतं की दोष आपल्यावर आला.

शास्त्र काय म्हणतं? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५०१ जोडप्यांचा मागोवा घेतला होता. ज्या बायकांच्या लाळेत अल्फा-अमायलेज हे ताणाचं एक लक्षण सर्वांत जास्त होतं, त्यांना दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता सुमारे २९ टक्क्यांनी कमी दिसली. कॉर्टिसॉलचा मात्र तसा संबंध दिसला नाही. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं १४ अभ्यास आणि ३,५८३ बायकांची माहिती एकत्र करून छापली. उपचाराआधीच्या मानसिक त्रासामुळं टेस्ट ट्यूब बेबीसारखे उपचार फसतात, असं त्यात आढळलं नाही. दोन्ही खरं असू शकतं. ताणानं वेळ लागू शकतो, पण काळजी करतेस म्हणूनच उपचार वाया गेला, असं कुणी म्हणालं तर त्याला आधार नाही.

शिवाय जोडप्याच्या अडचणीत पुरुषाचा वाटा मोठा असतो. नवऱ्याची वीर्यतपासणी ही स्वस्त आणि बिनत्रासाची चाचणी. ती झाल्याशिवाय बायकोला डझनभर चाचण्यांना, नृसिंहवाडीच्या पौर्णिमांना आणि मांत्रिकाकडे पाठवू नये. तपासणी कधी करायची? बाई ३५ च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न केल्यावर, ३५ पुढं असेल तर सहा महिन्यांनी. पाळीच येत नसेल तर थांबायचंच नाही.

पिशवी काढून डोकं बदलत नाही

आपल्या कारखान्यांच्या हंगामात बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यांच्या तक्रारींमागं जंतुसंसर्ग होता, अंगावरून जाणं होतं, अतिकष्ट होते, खाडा झाला तर कापली जाणारी रक्कम होती. त्या साऱ्यावर एकच उपाय सापडला. हे फक्त बीडचं दुखणं आहे, अशा भ्रमात कोल्हापूर-सांगलीनं राहू नये. अनियमित पाळी हे एकटं कारण पिशवी काढायला पुरेसं नाही. कुणी ‘पुढं कॅन्सर होईल’ म्हणून तिशी-पस्तिशीतल्या बाईला घाई करत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. कोल्हापूरला सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, तिथं दाखवा. पिशवीबरोबर अंडाशयं गेली तर हाडं आणि हृदय दोन्ही लवकर म्हातारी होतात, हे सही करण्याआधी विचारून घ्या.

थोडं ‘पाळी आणायच्या’ गोळ्यांबद्दलही. ताणानं किंवा उपासमारीनं गेलेली पाळी गर्भनिरोधक गोळ्यांनी दर महिन्याला दिसू लागते, पण तो गोळीचा रक्तस्राव असतो, मेंदू अजून गप्पच असतो. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत केवळ पाळी यावी एवढ्यासाठी अशा बायकांना या गोळ्या देऊ नयेत असं सुचवलं आहे. मूळ दुखणं झाकलं जातं आणि हाडांची झीज चालूच राहते. नृसिंहवाडीच्या यात्रेसाठी किंवा गौरी-गणपतीसाठी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या एखाद्या वेळी डॉक्टरांना विचारून घेतल्या तर ठीक. दर सणाला दुकानातून मागवून घेणं बंद करा. पायात रक्ताची गुठळी झालेली, किंवा अर्धशिशीत जिच्या डोळ्यांपुढं चमकतं अशी बाई असेल तर विचारल्याशिवाय एकही नको.

मग करायचं काय

सगळ्यात आधी तारीख लिहा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर एक ठिपका पुरे. किती दिवस, किती पॅड, आणि त्या महिन्यात घरात काय घडलं ते एका ओळीत. चार महिन्यांची अशी नोंद डॉक्टरांना अर्ध्या तपासण्यांइतकी उपयोगी पडते.

दुसरं, खाणं. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं, ही रीत पुराच्या छावणीत आणखी कडक होते. बाईनं सकाळी उठल्यावर तासाभरात काहीतरी खावं, नुसत्या चहावर अकरा वाजवू नयेत.

तिसरं, बोलणं. याला उपचार म्हणायला लोक कचरतात, पण पुरावा आहे. सारा बर्गा यांच्या गटानं २००३ मध्ये ताणानं पाळी गेलेल्या १६ बायकांवर छोटा अभ्यास केला. आठ जणींना २० आठवडे विचार आणि वागणुकीच्या सवयी बदलणारं समुपदेशन दिलं, आठ जणींवर नुसती नजर ठेवली. पहिल्या गटातल्या ७ जणींच्या अंडाशयांनी पुन्हा काम सुरू केलं, दुसऱ्यातल्या २ जणींच्या. औषध एकही नव्हतं. अभ्यास लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. समुपदेशक गाठणं अवघड असेल तर १४४१६ हा ‘टेली मानस’चा मोफत क्रमांक मराठीतही चालतो. झोप उडाली असेल, रडू थांबत नसेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर पाळीचा विषय न काढताही तिथं बोलता येतं.

ध्यान, प्राणायाम जमत असेल तर जरूर करा. पण ज्या बाईला पहाटे चारला उठून पाणी भरायचं आहे, तिला ‘रोज अर्धा तास शांत बसा’ सांगणं मला तरी थट्टा वाटते. काही ताण बाईच्या श्वासानं जात नाहीत, गावानं काढून टाकावे लागतात. याच तालुक्यातल्या हेरवाडनं ते करून दाखवलं. सुरगोंडा पाटील सरपंच असताना मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. त्या ठरावात हार्मोनचा शब्द नव्हता. तरी तिशीत विधवा झालेल्या बाईच्या डोक्यावरचा एक रोजचा घाव त्यानं कमी केला, आणि माझ्या लेखी तो आरोग्याचाच ठराव होता.

पाळी परत येताना एक गाफीलपणा महागात पडतो. बीज आधी फुटतं, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. म्हणजे पाळी बंद असतानाच, ती परतायच्या आधीच, दिवस राहू शकतात. मूल नको असेल तर ‘पाळीच येत नाही, कशाला काळजी’ म्हणून साधनं सोडू नका.

पावसाळ्याआधी नदीकाठच्या घरांत कागदपत्रांची पिशवी बांधून ठेवतात, आधारकार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक. त्याच पिशवीत दोन महिने पुरतील इतकी पॅड किंवा धुतलेली सुती कापडं, दोन चड्ड्या, साबण, लघवीतपासणीचं किट आणि चालू गोळ्यांची महिनाभराची जादा पाकिटं टाका. गर्भनिरोधक गोळ्या, थायरॉइडच्या, लोहाच्या, सगळ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून बहिणीलाही पाठवून ठेवा. आणि गावच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीला बायकांनी जाऊन दोन गोष्टी लिहून घ्याव्यात, छावणीत बायकांचं स्वच्छतागृह वेगळं आणि आतून कडी असलेलं हवं, आणि त्यात रात्रभर दिवा हवा.